मधे काही नाही, असं मुलगा म्हणतो

ताई,
मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. वय ६८, मूळचा कराडचा. मे महिन्यापासून आम्ही दोघं शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलाकडे आहोत. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे. मुलाला सप्टेंबरअखेरीस दहा दिवस रजा मिळते आहे. त्याचं म्हणणं, विमानाने डेन्व्हरला नाहीतर माउंट रश्मोअरला (डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेत तिथे) जाऊ. माझी इच्छा अशी, की गाडीने आयोवा, नेब्रास्का बघत सावकाश जावं. तो म्हणतो, "बाबा, मधे काही नाही. मका आणि मका. दोन तासांत कंटाळाल." सूनबाई काही बोलत नाही, पण तिलाही हे पटलेलं दिसत नाही. सौ.चे गुडघे दुखतात, ती पूर्ण शाकाहारी आहे आणि तिला सगळ्यात मोठी काळजी स्वच्छतागृहाची. साडेचार वर्षांची नात बरोबर असेल. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, तेव्हा ही जमीनही एकदा जवळून बघावी असं वाटतं. हा म्हातारपणाचा हट्ट आहे का? मुलाची रजा मी वाया घालवतोय का? आणि जायचंच तर कसं जावं?
— एक वाचक, कराड (सध्या नेपरव्हिल)

काका, सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या मुलाची बाजू घेते. तो खोटं बोलत नाही. इथली बहुतेक मुलं हा मुलूख एकदाच बघतात. नोकरी बदललेली असते, सामान गाडीत कोंबलेलं असतं, मुक्कामाचे पैसे वाचवायचे असतात, आणि आय-८० धरून ताशी ७५ मैलांनी ती निघालेली असतात. त्या रस्त्यावरून खरंच काही दिसत नाही. नेब्रास्कात तो रस्ता प्लॅट नदीच्या खोऱ्यातून नेलाय, कारण तिथे ना चढ ना उतार. पश्चिमेला निघालेल्या बैलगाड्या त्याच खोऱ्यातून गेल्या, १८६०च्या दशकात युनियन पॅसिफिकचे रूळ त्याच खोऱ्यातून पडले आणि मग हायवेही तिथूनच गेला. अख्ख्या राज्यातला सर्वांत सपाट पट्टा निवडायचा, त्यावरून लोकांना पळवायचं आणि वर म्हणायचं, इथे बघण्यासारखं काही नाही!

तेव्हा काका, जरूर जा. पण "आपण गाडीने जाऊ" एवढंच सांगून थांबू नका. तेवढं ऐकून मुलगा फोनवर नेपरव्हिल ते डेन्व्हर टाकेल. साधारण हजार मैल आणि पंधरा तास दिसतील. "एक रात्र वाटेत काढू" म्हणेल, आणि तुम्ही दोन तासांत कंटाळाल हे त्याचं भाकीत खरं ठरेल. त्याच्यापुढे नीट प्रस्ताव ठेवा. जाताना गाडी, येताना डेन्व्हरहून विमान. दिवसाला जास्तीत जास्त चार तास गाडी, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. यात त्याचं डेन्व्हरही झालं आणि तुमची जमीनही. पाच माणसं आणि सामान म्हणजे मिनीव्हॅन भाड्यानेच घ्यावी लागेल. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचे जादा पैसे पडतात आणि कधीकधी बरेच पडतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी भाव काढून मगच ठरवा. तुम्ही स्वतः गाडी चालवण्याचा विचार मनात असेल (पत्रात लिहिला नाहीत, पण जीप चालवलेली माणसं मला माहीत आहेत), तर तो याच प्रवासापुरता बाजूला ठेवा.

आता जमिनीबद्दल. तुम्ही भूकरमापक आहात हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण हा प्रदेश बघायला तुमच्याइतका लायक माणूस सापडणं कठीण. १७८५ साली इथल्या काँग्रेसने ठरवलं, की पश्चिमेची जमीन विकण्याआधी मोजायची. आणि मोजायची ती ओढे-टेकड्या न बघता, चौकोनात. सहा मैल बाय सहा मैलांचं एक टाउनशिप. त्यात एकेका चौरस मैलाचे ३६ तुकडे, त्यांना सेक्शन म्हणतात. एक सेक्शन ६४० एकरांचं. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे जातात, दुसऱ्या ओळीत उलटे फिरून पूर्वेकडे येतात, नांगराला जुंपलेला बैल फिरतो तसे. १६ नंबरचं सेक्शन शाळेसाठी राखून ठेवायचं. साखळी गंटरची, ६६ फुटी. तुमची शंकू साखळी ३३ फुटी, म्हणजे तुमच्या दोन त्यांची एक. तुमची साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. त्यांच्या दहा चौरस साखळ्यांचाही तोच एकर होतो. कराडच्या बांधावर जे गणित केलंत तेच इथे अर्ध्या खंडावर पसरलंय.

आयोवात हायवे सोडून खडीच्या रस्त्याला लागलात, की दर मैलाला चौक येईल. गाडीच्या आकड्यांवर नजर ठेवून बसा. मधेच कुठेतरी उत्तरेला सरळ चाललेला रस्ता काटकोनात वळेल, थोडं अंतर जाईल आणि पुन्हा काटकोनात उत्तरेला लागेल. मुलगा म्हणेल, कुणाच्या तरी शेतामुळे वळवलाय. खरं कारण त्याला तुम्ही सांगा. रेखावृत्तं उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे चौकोन वर अरुंद होऊ लागतात. म्हणून ठरावीक अंतरावर नवी आधाररेषा धरून सहा मैल पुन्हा मोजून घेतलेत, आणि जुनी-नवी मोजणी जिथे जुळत नाही तिथे रस्त्याला हे वळण आलंय. पृथ्वी गोल असल्याचा इतका साधा पुरावा, तोही गाडीत बसून, दुसरीकडे मिळायचा नाही.

पहिल्या दिवशी फार लांब जाऊ नका. नेपरव्हिलहून आय-८८ ने (हा टोलचा रस्ता आहे, भाड्याच्या गाडीत टोलची काय सोय आहे ते आधी विचारा) दीड तासावर ग्रँड डिटूर नावाचं लहानसं गाव लागतं. व्हरमाँटहून आलेल्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये इथे करवतीच्या तुटक्या पात्यापासून पोलादी नांगर केला. इथली गवताळ काळी माती लोखंडी नांगराला चिकटून बसायची, दर चार पावलांवर थांबून खरवडावी लागायची. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावरून ती आपोआप घसरू लागली. काळी माती चिकटते म्हणजे काय, हे कऱ्हाडकराला समजावून सांगायला नको. तुमच्या शेजारी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि लोखंडाने जमीन नासते ही भीती दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना वाटून गेली. ग्रँड डिटूरला त्या लोहाराचं घर आणि भाता-ऐरणीची जागा जपून ठेवली आहे. तास-दीड तास पुरतो.

मुक्काम मिसिसिपीच्या काठी करा. मोलीन, रॉक आयलंड, डॅव्हनपोर्ट, बेटनडॉर्फ ही गावं एकमेकांना लागून आहेत. उत्तर-दक्षिण वाहणारी ही नदी नेमकी इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, त्यामुळे दिशा चुकल्यासारखं वाटेल. चुकलेली नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी ल क्लेअरच्या बाजूला १४ नंबरचं लॉक बघा, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटी पुढे सोडणारा दारांचा हौद. (१५ नंबरचं जास्त प्रसिद्ध आहे, पण ते लष्करी आवारात आहे, परदेशी पासपोर्ट घेऊन त्या फाटकावर सकाळ घालवू नका.) सुगीच्या दिवसांत धान्याचे बार्ज, म्हणजे सपाट मालबोटी, खाली न्यू ऑर्लिन्सकडे जात असतात. एका ढकलबोटीपुढे पंधरा बार्ज बांधलेले असतात, तीन रांगांत पाच-पाच. एकेका बार्जमध्ये साधारण १५०० टन माल. लॉकची लांबी ६०० फूट आणि हा सगळा काफिला त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग तो मधोमध सोडवतात, अर्धा आत घालतात, पाणी उतरवतात, पुढे काढून ठेवतात, उरलेला अर्धा आणतात, पुन्हा जाडजूड तारांनी बांधतात. तास-दीड तास हे चालतं. हेल्मेट घातलेली दोन माणसं तारा ओढत बार्जच्या कडेकडेने चालत असतात आणि कुणालाही घाई नसते. नातीला हे नक्की आवडेल, आणि मुलाने मधे फोन काढला नाही तर समजा अर्धं काम झालं.

तिथून पुढे वॉलकॉटला आय-८० वरचा अवाढव्य ट्रकथांबा आहे, १९६४ पासूनचा, स्वतःला जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा. चहापुरता थांबा. अमानाला रात्र काढलीत तर चांगलं. जर्मन भाविकांनी १८५५ पासून वसवलेली ही सात गावं. १९३२ पर्यंत जमीन, गिरणी, मुदपाकखाना, सगळं सामाईक होतं. जमिनीच्या वाटण्या बघून केस पांढरे झालेल्या माणसाला एवढी वर्षं खातेफोड न करता राहिलेली गावं बघायला मजा वाटेल. जेवण मात्र तिथे मांसाहारी थाटाचं असतं. काकूंसाठी ब्रेड, बटाटे आणि कोबी.

मग डे मॉइन, आयोवाची राजधानी. इथे एक जागा चुकवू नका. नदीकाठच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देखण्या इमारतीत वर्ल्ड फूड प्राइझचं दालन आहे. हे पारितोषिक सुरू करणारे नॉर्मन बोरलॉग आयोवाच्याच शेतकरी घरातले, १९७० चे नोबेल शांतता पारितोषिक विजेते. त्यांच्या पारितोषिकाचे पहिले मानकरी १९८७ मध्ये एम. एस. स्वामिनाथन. आणि १९९८ चे मानकरी आपल्या जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, ज्यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. संकरित बियाणं विकायचा धंदा होऊ शकतो हे या आयोवातच हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये मक्याची कंपनी काढून दाखवलं होतं (हे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले). तेच काम बारवाल्यांनी मराठवाड्यात केलं. मका बघून कंटाळा येईल म्हणणाऱ्या मुलाला आधी इथे न्या आणि मग शेतावर. दालन रोज दिवसभर उघडं नसतं, वेळ बघून जा.

मक्याबद्दल आणखी एक. हा मका तुम्ही-आम्ही भाजून खातो तो नाही. दाताच्या आकाराचे दाणे, कणसावरच वाळू द्यायचे, मग त्यातला बराचसा गुराडुकरांना आणि इथेनॉलच्या कारखान्यांना. सप्टेंबरअखेर शेतं हिरवी नसतील, हेही मुलगा म्हणेल. नसू देत. हिरवा मका जुलैत दिसतो, पण तेव्हा हा माणसाहून उंच मका दोन्ही बाजूंनी भिंतीसारखा उभा असतो आणि जमीन काही दिसत नाही. सुगीत सोयाबीन पिवळं पडून उतरलेलं असतं, मका करकरीत वाळलेला, कापणीची यंत्रं धूळ उडवत रात्रीसुद्धा दिवे लावून चाललेली, आणि गावच्या धान्यकोठारापुढे ट्रकांची रांग. कारखान्यापुढे ऊसगाड्यांची रांग पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटायचं नाही. रस्त्यावर मागे नारिंगी त्रिकोण लावलेलं संथ यंत्र आडवं आलं तर मुलाला ओव्हरटेकची घाई करू देऊ नका. ते यंत्र पुढच्या मैलाच्या चौकात वळण्याची शक्यता असते. समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल. तो नमस्कार आहे. तुम्हीही हात करा. कुणाच्या शेतात मात्र विचारल्याशिवाय पाय टाकू नका. बांध ओलांडण्याबद्दल इथली माणसं आपल्याइतकीच हळवी आहेत, आणि बऱ्याच जणांकडे बंदूक असते.

चौथ्या दिवशी लिंकनला पोहोचा. साधारण तीन तास. पण खोल्या ठरवण्याआधी नेब्रास्का विद्यापीठाचं फुटबॉलचं वेळापत्रक बघा. घरच्या मैदानावर सामना असलेल्या शनिवारी लिंकनला खोली मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. तिथल्या स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून दर सामन्याला संपत आली आहेत, यावरून काय ते समजा.

लिंकनच्या दक्षिणेला बिॲट्रिस गावाजवळ होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तुमच्यासाठी मला विचाराल तर रश्मोअरपेक्षा हे मोठं. १८६२ च्या कायद्याने सरकारने जाहीर केलं, की १६० एकर, म्हणजे पाव सेक्शन घ्या, पाच वर्षं त्यावर राहा, कसा, किरकोळ फी भरा, जमीन तुमची. १ जानेवारी १८६३ ला कायदा लागू झाला त्याच दिवशी नोंदवलेल्या पहिल्यावहिल्या दाव्यांपैकी एकाची ही जमीन. अशी साधारण २७ कोटी एकर जमीन या देशाने वाटली. इमारतीचं छप्पर नांगराच्या आकाराचं आहे, बाहेर जुनं उंच गवत पुन्हा लावून वाढवलंय. त्यात उभे राहा म्हणजे नांगराआधी इथे काय होतं ते कळेल. आणि आणखी काय होतं, तेही आत सांगितलंय. या जमिनीवर ओटो, ओमाहा, पॉनी या मूळ आदिवासी लोकांची पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट होती. करार करून ती काढून घेतली, पॉनींना १८७०च्या दशकात दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात हलवलं. साखळी पडली ती त्यांच्यावरूनच. तुमच्या खात्यातल्या माणसाला हे पुसलेले इतर हक्क लगेच दिसतील, मी जास्त लिहीत नाही.

अंगात उत्साह उरला तर तिथून तासाभरावर, कॅन्ससच्या सीमेवर मॅहास्का गावाजवळ आणखी एक जागा आहे. ४० अक्षांश आणि मोजणीसाठी धरलेलं सहावं मुख्य रेखावृत्त जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू. १८५६ मध्ये तिथे दगड रोवला, आणि नेब्रास्का-कॅन्ससची पूर्ण राज्यं आणि शेजारच्या राज्यांचे मोठे तुकडे त्या एका दगडापासून मोजले गेले. बघायला शेतं आणि खडीचा चौक, बस. घरच्यांनी कुरकुर केली तर त्यांना गाडीत बसू द्या, तुम्ही उतरा.

रात्री ग्रँड आयलंड, आणि सकाळी तिथून हायवे २. सगळा प्रवास मी या रस्त्यासाठी सुचवतेय. सुरुवातीला शेतांत लांबच लांब चाकांवरचे पाइप दिसतील, एका टोकाला रोवलेले आणि घड्याळाच्या काट्यासारखे फिरणारे. फ्रँक झायबाखने १९५२ मध्ये पेटंट घेतलेलं हे यंत्र, नेब्रास्काच्या कारखान्यांनी जगभर नेलं. १६० एकरांच्या चौकोनात त्याचं वर्तुळ १३० एकरांच्या आसपास भिजवतं, चारही कोपरे कोरडे राहतात. त्या कोपऱ्यांचं कोण काय करतं, कुणी गवत, कुणी मायलो म्हणजे आपली ज्वारीच, कुणी नुसतीच भंगार यंत्रं, हे बघत बसण्यात तुमचा तास जाईल.

ब्रोकन बो मागे पडलं, की पुढे ॲन्सेल्मो आणि डनिंग या दोन गावांच्या मधे तुम्ही १०० रेखांश ओलांडता. फोनमध्ये अक्षांश-रेखांश लावून ठेवा. साधारण या रेषेवर पाऊस वर्षाला वीस इंचांवर येतो, आणि पश्चिमेला आणखी कमी होत जातो, कारण पॅसिफिककडून येणारी ओल रॉकी पर्वत अडवतो. आपल्या सातारा जिल्ह्यात सह्याद्रीमुळे पूर्वेला माण-खटावकडे जाताना जे होतं, तेच इथे पश्चिमेला जाताना. पिकं विरळ होतात, मग संपतात, आणि सँडहिल्स सुरू होतात. वाळूच्या टेकड्या, पण सगळ्यांवर गवत. गवत काढलं तर वाळू उडू लागते, म्हणून इथे नांगर चालत नाही, गुरंच चालतात. पोटात ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा, त्यामुळे दोन टेकड्यांमधे मधूनच तळं चमकतं.

आता गंमत बघा. होमस्टेडच्या १६० एकरांवर इथे कुणाचं पोट भरेना. म्हणून १९०४ मध्ये किंकेड कायदा आणून पश्चिम नेब्रास्कापुरती मर्यादा ६४० एकर केली, म्हणजे पुरं सेक्शन. तेही पुरलं नाही. आज तिथली गुरांची रानं हजारो एकरांची आहेत. आपल्या कमाल जमीन धारणेत बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४, हा हिशेब तुम्ही किती वेळा केला असेल! पाणी कमी तसं पोटाला रान जास्त. ग्रँड डिटूरपासून अलायन्सपर्यंत तोच तक्ता तुमच्या खिडकीबाहेर एकेक ओळ उलगडत जाईल, आणि तो वाचणारा गाडीत एकटा तुम्ही असाल. मुलाला सांगा. पण दिवसभर नका सांगू.

या पट्ट्यात दोन गोष्टी पाळा. टाकी अर्धी झाली की भरा, आणि नकाशे फोनवर आधीच उतरवून घ्या, कारण नेटवर्क मधे मधे जातं. थेडफर्डच्या पुढे घड्याळ एक तास मागे येतं. रूळ रस्त्याला चिकटून जातात आणि वायोमिंगच्या कोळशाच्या मैल-मैल लांबीच्या मालगाड्या शेजारून जातात. डबे मोजण्याचं काम नातीकडे द्या. अलायन्सला कारहेंज आहे, जुन्या मोटारी राखाडी रंगवून उभ्या-आडव्या रचून केलेली इंग्लंडच्या स्टोनहेंजची नक्कल, १९८७ ची. वेडेपणा आहे आणि फुकट आहे. मग चिमणी रॉक आणि स्कॉट्सब्लफ, बैलगाडीवाल्यांच्या खुणेचे सुळके, आणि शेवटच्या दिवशी साडेतीन-चार तासांत डेन्व्हर. रश्मोअरचा आग्रहच असेल तर अलायन्सहून उत्तरेला तीनेक तासांवर आहे. पण मग स्कॉट्सब्लफ सोडा. दोन्ही करायला गेलात तर चार तासांची अट मोडेल.

काकूंसाठी. आय-८० वर सरकारी विश्रांतिस्थळं ठराविक अंतराने आहेत आणि स्वच्छ असतात. आयोवा-नेब्रास्कात केसीज नावाचे पेट्रोलपंप गावोगावी दिसतील, त्यांची स्वच्छतागृहंही चांगली असतात, काही विकत घेतलं नाही तरी कुणी हटकत नाही. हायवे २ वर मात्र गाव दिसलं की गरज असो नसो, थांबायचं. जेवणाचं म्हणाल तर भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचा रस्सा असतो, बीन्समध्ये कधीकधी डुकराची चरबी. दोन्ही विचारूनच घ्या. उपासाला वेंडीज या फास्टफूडच्या दुकानातला भाजलेला बटाटा आणि आपण बरोबर नेलेले दाणे. खोली घेताना फ्रीज-मायक्रोवेव्ह असलेली घ्या. मोटेलचे मालक बऱ्याचदा गुजराती निघतात. काकूंना मिरची हवी असेल तर काउंटरवर लाजू नये. गुडघ्यांसाठी दर तासाला पाच मिनिटं चालायचं, मधल्या रांगेतली पाय लांब करता येतील अशी जागा काकूंची. औषधं विमानाच्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. पासपोर्ट दोघांचेही बरोबर, विमानाला ओळखपत्र म्हणून तोच लागेल. प्रवासी विम्यात आधीच्या आजारांचं काय लिहिलंय ते आजच वाचा. रात्री गार पडतं, स्वेटर वरच ठेवा.

राहता राहिली सूनबाई. ती गप्प आहे, पण माझा अंदाज असा, की नऊ दिवस मोटेलच्या खोलीत पोरीचं खाणं, झोप, कपडे कोण बघणार हा हिशेब ती मनात करतेय, आणि तो मांडला तर सासऱ्यांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. तिला तुम्हीच विचारा, मुलामार्फत नको. डे मॉइन आणि लिंकनला पोहण्याचा तलाव आणि कपडे धुण्याची सोय असलेली हॉटेलं तिला निवडू द्या. एक संध्याकाळ नातीला तुम्ही दोघं सांभाळा आणि त्या दोघांना बाहेर जेवायला पाठवा. रजा तिचीही आहे. आणि मुलाला म्हणावं, तू वाटाड्या होऊ नकोस, फक्त गाडी चालव, बाकीचं मी सांगतो. इतकी वर्षं इथे राहून त्याला हे ऐकायला मिळालेलं नसणार.

हट्ट आहे का, विचारलंत. आहे. करा. पण आधी लिंकनच्या सामन्यांच्या तारखा, मग गाडीचं आरक्षण, मग ब्रोकन बो आणि अलायन्सच्या खोल्या, या क्रमाने. तिथे हॉटेलं मोजकीच आहेत आणि शरदात शिकारी येऊन राहतात. नातीची गाडीतली खुर्ची घरचीच न्या, भाड्याची कशी असेल सांगता येत नाही.